आग्वादचा तुरुंग आणि पुण्याची माणसं

१८ मे १९५५ रोजी सत्याग्रहींची पहिली तुकडी पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीत शिरली. तिच्या पुढे पुण्याचे समाजवादी नेते नानासाहेब गोरे होते आणि त्यांच्यासोबत ७४ वर्षांचे सेनापती बापट. मुळशी तालुक्याला बापटांची वेगळी ओळख करून द्यायला नको. तालुक्यातल्या महाळुंगे गावाच्या शिवेवरून वाहणारी मुळा ज्या धरणातून खाली येते, त्याच टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या एप्रिलमध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला आणि ‘सेनापती’ ही पदवी पांडुरंग महादेव बापटांना त्याच लढ्याने दिली. शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी सात वर्षांची सजा भोगलेला हा माणूस तीन दशकांनंतर पुन्हा एका हद्दीवर निःशस्त्र उभा होता.

पोर्तुगीज पोलिसांनी तुकडीला बेदम मारलं. बापटांना त्यांनी परत हद्दीपार केलं. गोऱ्यांना मात्र सोडलं नाही. लष्करी न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि मांडवीच्या मुखावरच्या आग्वाद किल्ल्यात नेऊन ठेवलं.

आज त्या तुरुंगात संग्रहालय आहे. महाराष्ट्रातून गोव्यात जाणारे बहुतेक पर्यटक आग्वादला जातातच. वरच्या किल्ल्यावर फिरतात, जुन्या दीपगृहासमोर फोटो काढतात, समुद्र पाहतात आणि निघतात. खाली, पाण्याच्या काठाला लागून असलेल्या तुरुंगाकडे वळणारे त्या मानाने कमी. तिथल्या कोठड्यांत पुणे, सांगली आणि कोकणातली किती माणसं किती काळ बसून होती, हे कळायचं तर मात्र तीच वाट धरावी लागते. आणि त्यासाठी आधी हा किल्ला कशासाठी बांधला गेला, इथपासून सुरुवात करायला हवी.

आग्वाद १६१२ मध्ये पुरा झाला. त्या वेळी पोर्तुगिजांची मुख्य भीती डचांची होती. डच जहाजं मलबारपासून गोव्यापर्यंत फिरत होती आणि मांडवीचं मुख बंद झालं की राजधानी असलेलं जुनं गोवं कोंडलं जाणार, हे उघड होतं. म्हणून नदीच्या उत्तरेला, सिकेरीच्या डोंगरी भूशिरावर तोफा चढवल्या गेल्या. डोंगरावर तटबंदी आणि खंदक, खाली जहाजांना लागण्यासाठी धक्का, अशी दोन पातळ्यांची ही रचना. वर पाण्याचं प्रचंड टाकं. लिस्बनहून महिनोन् महिने प्रवास करून आलेल्या जहाजांना गोडं पाणी भरून घेण्याची इथे सोय होती, आणि लांबच्या समुद्रप्रवासात गोड्या पाण्याइतकी मोलाची दुसरी वस्तू नव्हती. १८६४ मध्ये इथे दीपगृह उभं राहिलं. आशियातल्या जुन्या दीपगृहांत त्याची गणना होते.

मराठ्यांनीही हा किल्ला जवळून पाहिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला होता, त्याच सुमारास गोव्यावरही मराठी फौजा चालून गेल्या. दक्षिणेकडून साष्टीत पेशव्यांच्या सरदारांनी मुसंडी मारली, उत्तरेकडून सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देस घेतला. सगळा बार्देस गेला, पण मांडवीच्या काठावरचे दोन किल्ले पोर्तुगिजांच्या हाती राहिले. एक रेइश मागुश आणि दुसरा आग्वाद. या दोन किल्ल्यांमुळे नदीचं मुख उघडं राहिलं, समुद्रावरून मदत येण्याची वाट उघडी राहिली आणि गोवं वाचलं. पोर्तुगिजांनी वसई गमावली आणि गोवं राखलं, या निकालात आग्वादचा वाटा मोठा आहे. पुढे नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ ते १८१३ या वर्षांत, फ्रेंच येतील या धास्तीने इंग्रजांनी आपल्या पलटणी गोव्यात आणून ठेवल्या. त्याही आग्वादमध्ये राहिल्या. मात्र त्यांच्याशी लढायला कोणी आलं नाही.

एकोणिसाव्या शतकात तोफा बदलल्या, जहाजं वाफेवर चालू लागली आणि दगडी किल्ल्यांचा लढाईतला उपयोग संपत आला. अशा किल्ल्यांचं पुढे काय करायचं, याचं उत्तर सगळ्याच साम्राज्यांनी एकसारखं दिलं. इंग्रजांनी १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडली. पोर्तुगालमध्ये सालाझारने लिस्बनच्या उत्तरेचा पेनिशचा समुद्रकिल्ला आणि लिस्बनजवळचा कॅशियासचा किल्ला राजकीय कैद्यांनी भरला. गोव्यात ते काम आग्वाद आणि रेइश मागुश यांनी केलं. तटाची उंची, भोवतीचं पाणी, आत जाण्याची एकच वाट, हे सगळं शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी केलेलं होतं. आता त्याच गोष्टी माणसांना आत ठेवण्यासाठी कामी आल्या. या सगळ्या किल्ल्यांचा विसाव्या शतकातला इतिहास म्हणूनच एकत्र वाचायला हवा. सुटे सुटे वाचले की त्यांच्यामागची एकच पद्धत नजरेतून निसटते.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवाही तटस्थ होता. पण युद्ध गोव्याच्या बंदरात येऊन बसलंच. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही जर्मन मालवाहू जहाजं मुरगावच्या बंदरात आश्रयाला आली. पुढे एक इटालियन जहाजही तिथेच अडकलं. वर्षं उलटली. हिंदी महासागरात दोस्त राष्ट्रांची जहाजं बुडत होती आणि ‘एरेनफेल्स’वरच्या गुप्त बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येत नव्हता. म्हणून कलकत्त्याच्या ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी स्वारांच्या पथकातली आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ची काही माणसं निवडली गेली. बहुतेक मध्यमवयीन. कोणी चहाच्या धंद्यातले, कोणी तागाच्या. ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या संथ बोटीवर बसून ते कोचीनहून निघाले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगावात शिरून त्यांनी ‘एरेनफेल्स’वर चढाई केली. जहाजाचा कप्तान रोफर मारला गेला. जहाजं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जर्मन आणि इटालियन खलाशांनी आपली सगळी जहाजं पेटवून बुडवली. आग्वादच्या समोर, खाडीच्या पलीकडे ही आग लागली होती. ब्रिटिशांनी ही कारवाई पुढची तीन दशकं गुप्त ठेवली.

ती हकीकत चित्रपटाला शोभावी अशी आहे आणि तिच्यावर १९८० मध्ये इंग्रजी चित्रपट निघालाही. पण गोवेकरांच्या दृष्टीने त्या युद्धाचा खरा परिणाम दुसरीकडे झाला. युरोपातले बहुतेक हुकूमशहा त्या युद्धात संपले, सालाझार संपला नाही. तटस्थ राहून, आणि १९४३ पासून अझोर्स बेटांवर दोस्तांना तळ देऊन, त्याने आपली राजवट वाचवली. १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सभासद झाला. हिंदुस्थानातून इंग्रज निघून जात असताना गोव्यात बसलेल्या राजवटीच्या पाठीशी पाश्चात्त्य राष्ट्रांची मोट उभी राहिली. पुढच्या चौदा वर्षांची कहाणी या एका गोष्टीतून निघते.

गोव्यात तेव्हा सभा भरवायला परवानगी लागे, वर्तमानपत्र छापायला परवानगी लागे, लग्नपत्रिकेचा मसुदाही सेन्सॉरकडे द्यावा लागे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले तेव्हा ही कोंडी पहिल्यांदा सगळ्यांदेखत फुटली. लोहिया खरं तर असोळण्याला आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीसाठी आले होते. त्या दिवशी पोलिसांनी त्यांना उचललं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. सप्टेंबरअखेरीस ते पुन्हा आले तेव्हा कुळे स्थानकावर त्यांना अटक झाली आणि या वेळी रवानगी आग्वादला झाली. काही दिवसांनी सुटका झाली. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यांची बाजू उघडपणे मांडली होती.

लोहिया बाहेरचे, म्हणून सुटले. गोव्याच्या माणसांना ती सवलत नव्हती. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे आद्य पुरुष. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती. १९४६ मध्ये त्यांना पकडून आग्वादच्या ओलसर, अंधाऱ्या कोठडीत टाकण्यात आलं. लष्करी न्यायालयासमोर उभा केलेला गोव्यातला पहिला नागरिक म्हणून त्यांचं नाव नोंदलं गेलं. आठ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना समुद्रापार पेनिशच्या किल्ल्यात पाठवण्यात आलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे आणि जुझे इनासियो द लोयोला हेही पोर्तुगालला गेले. एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात, पाच हजार मैलांवर. शिक्षेचा हा भाग नीट समजून घ्यायला हवा. गोव्यातल्या कैद्याला भेटायला त्याची आई किंवा बायको चालत येऊ शकत होती. पेनिशला कोण जाणार? कुन्हा १९५० च्या सार्वत्रिक माफीत तुरुंगातून सुटले तरी त्यांना पोर्तुगाल सोडायची मुभा नव्हती. ते गुपचूप पॅरिसला निसटले आणि १९५३ मध्ये मुंबईला पोचले. २६ सप्टेंबर १९५८ रोजी ते मुंबईतच वारले. गोवा मुक्त झालेला त्यांना पाहता आला नाही.

हा लढा पुण्यात आला तो १९५४ मध्ये.

त्या वर्षी २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. नगर हवेलीच्या त्या धाडसात राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, गायक-संगीतकार सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी पुण्या-मुंबईची माणसं होती. गोव्याबद्दलची अस्वस्थता महाराष्ट्रभर पसरली. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. केशवराव जेधे, ‘केसरी’चे जयंतराव टिळक, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे ही मंडळी एका व्यासपीठावर आली. काँग्रेसमधून बाहेर पडलेले, समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघीय, हिंदुसभावाले यांचं एरवी एकमेकांशी जमत नव्हतं. गोव्यासाठी जमलं. हे जमणं पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात कामी आलं, आणि त्या समितीतल्या अनेकांची नावं त्याही लढ्यात दिसतात. तो एक वेगळाच मोठा विषय आहे.

एप्रिल १९५५ मध्ये म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवाचं अधिवेशन बंदी झुगारून भरवण्यात आलं. अध्यक्षस्थानी होत्या सुधाताई जोशी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे आणि पुण्यात स्थायिक झालेले लेखक पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. पोलिसांनी त्यांना तिथेच धरलं आणि त्या तुरुंगात गेल्या. पुढे ‘भारतीय संस्कृतिकोशा’चं प्रचंड काम उभं करणाऱ्या घरातली ही गृहिणी. तिच्या अटकेनं पुण्यात जी खळबळ उडाली, तिने सत्याग्रहींच्या तुकड्यांना बळ दिलं, यात शंका नाही.

मग मे महिन्यात गोरे-बापटांची तुकडी गेली. जूनमध्ये जनसंघाचे जगन्नाथराव जोशी गेले. जुलैत मधु लिमये पेडण्याच्या बाजूने शिरले. त्यांना इतकं मारण्यात आलं की ते वारल्याची बातमी बाहेर पसरली होती. बंगालचे खासदार त्रिदिब चौधुरी आले, पुण्याचे शिरुभाऊ लिमये आले. साऱ्यांच्या वाट्याला एकच क्रम आला. हद्दीवर लाठ्या आणि बंदुकीचे दस्ते, पोलीस कोठडीत काही महिने, लष्करी न्यायालय, दहा किंवा बारा वर्षांची शिक्षा आणि शेवटी आग्वाद. मधु लिमयांना डिसेंबर १९५५ मध्ये बारा वर्षांची सजा झाली. ज्यांना शिक्षा द्यायची नाही अशांना मारहाण करून हद्दीबाहेर फेकत. हजारोंना तुरुंगात ठेवायची पोर्तुगिजांची ताकद नव्हती. नेत्यांना ठेवायचं आणि बाकीच्यांना धडा शिकवायचा, हा त्यांचा हिशेब होता.

१५ ऑगस्ट १९५५ ला तो हिशेबही त्यांनी बाजूला ठेवला. त्या दिवशी हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी हद्द ओलांडून आत गेले. पत्रादेवीला, तेरेखोलला, कॅसलरॉकच्या बाजूने. पोर्तुगीज सैनिकांनी सरळ गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली, शेकडो जखमी झाली. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल पत्रादेवीला पडले, हिरवे गुरुजी तेरेखोलला. मुंबई-गोवा महामार्गाने गोव्यात शिरताना पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक लागतं, ते या दिवसाचं.

या हत्याकांडावर दिल्लीची प्रतिक्रिया काय झाली? पंतप्रधान नेहरूंनी पोर्तुगालशी उरलेसुरले संबंध तोडले, गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि त्याच बरोबर सत्याग्रहींना हद्द ओलांडायला बंदी घातली. लष्करी कारवाईला ते तयार नव्हते. आंतरराष्ट्रीय तंटे शांततेने सोडवावेत असं जगाला सांगणारा देश स्वतः फौज कशी घुसवणार, ही त्यांची अडचण प्रामाणिक होती. पण तिची किंमत कोण मोजत होतं? जो माणूस स्वतः नगरच्या किल्ल्यात जवळजवळ तीन वर्षं कैद होता, त्याच्या धोरणापायी आग्वादच्या कोठड्यांतली माणसं वाट पाहत राहिली. नेहरूंचं मोठेपण मानणाऱ्यांनीही ही गोष्ट मोकळेपणाने कबूल करायला हवी. निःशस्त्र सत्याग्रह इंग्रजांपुढे चालला, कारण इंग्रज सरकारला आपल्या संसदेला आणि आपल्या वर्तमानपत्रांना उत्तर द्यावं लागे. सालाझारला कोणालाच उत्तर द्यायचं नव्हतं.

गोरे, लिमये आणि त्यांचे भारतीय सहकारी फेब्रुवारी १९५७ मध्ये सुटले. लिमयांचे १९ महिने आत गेले होते. पुण्याने आपला कौल लगेच दिला. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत पुण्यातून काकासाहेब गाडगीळांसारख्या दिग्गजाचा पराभव करून नानासाहेब गोरे निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राची लाट होतीच, पण आग्वादहून आलेला माणूस म्हणूनही लोकांनी त्यांना मत दिलं.

गोव्याच्या कैद्यांची मात्र सुटका झाली नाही, आणि ज्यांनी शस्त्र हाती घेतलं होतं त्यांची तर मुळीच नाही. मोहन रानडे हे त्यांतलं सर्वांत ठळक नाव. मूळ नाव मनोहर आपटे, जन्म सांगलीचा. सावईवेऱ्यात मराठी शिक्षक म्हणून ते राहिले, मुलांना शिकवलं आणि आझाद गोमंतक दलाचं काम केलं. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. बेती ते आग्वाद हे अंतर फार नाही. रानड्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. वर्षानुवर्षं एकांतवास. १९६० मध्ये त्यांनाही जहाजावर चढवून पोर्तुगालला, कॅशियासच्या किल्ल्यात नेण्यात आलं.

नाकेबंदीच्या त्या वर्षांत गोव्याच्या आत बातमी पोचवायची एकच खात्रीची वाट उरली होती. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी सह्याद्रीच्या जंगलातून, आंबोली-कॅसलरॉकच्या बाजूने, गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. कोकणी आणि पोर्तुगीज भाषेतून रोज प्रक्षेपण व्हायचं. ते सहा वर्षं टिकलं. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबियाताईंना २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री जाहीर झाली.

१९६१ मध्ये जग बदललं. त्या वर्षाच्या सुरुवातीला अंगोलात पोर्तुगिजांविरुद्ध उठाव झाला आणि तो त्यांनी ज्या क्रौर्याने दडपला त्यामुळे आफ्रिकी राष्ट्रं भारताला विचारू लागली, तुम्ही स्वतःच्या दाराशी काय करता आहात? २४ नोव्हेंबरला अंजदीव बेटावरच्या पोर्तुगीज चौकीने ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या. आता थांबणं दिल्लीलाही शक्य नव्हतं.

‘ऑपरेशन विजय’ची सूत्रं पुण्यातून हलली. दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे मोहिमेची जबाबदारी होती. मेजर जनरल कॅंडेथ यांची १७ वी डिव्हिजन पूर्वेकडून आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून गोव्यात शिरणार होती. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याच्या लोहगाव तळावरून कॅनबेरा विमानांनी जाऊन दाबोळीची धावपट्टी फोडली. बेळगावच्या सांबऱ्याहून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. पॅरा ब्रिगेडमधली मराठा पलटण उसगावमार्गे फोंड्याकडे गेली. शेवटच्या सैनिकापर्यंत लढा आणि प्रसंग आला तर सगळं उद्ध्वस्त करा, असा सालाझारचा आदेश गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांच्याकडे होता. त्यांनी तो पाळला नाही. गोवेकरांनी याबद्दल त्यांचे आभार मानायला हरकत नाही. पुढे पोर्तुगालने या ‘अवज्ञे’बद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकलं.

आग्वादची एकमेव खरी लढाई या धामधुमीत झाली. दोडामार्गाकडून आलेली एक तुकडी, सातवी लाइट कॅव्हलरी आणि शीख लाइट इन्फन्ट्री, १८ तारखेच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास बेतीला पोचली. समोर मांडवी, पलीकडे पणजीचे दिवे. नदी ओलांडायचा हुकूम अजून आला नव्हता. तेवढ्यात मेजर शिवदेवसिंग सिद्धू यांना कळलं की जवळच्या आग्वादमध्ये भारताच्या बाजूचे कैदी अडकलेले आहेत. ते थोडी माणसं घेऊन किल्ल्याकडे निघाले. किल्ल्यातल्या पोर्तुगीज शिबंदीला शरणागतीचा आदेश मिळालेला नव्हता. तिने गोळीबार केला. मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथे मारले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भारतीय सैनिक पणजीत शिरले आणि रात्री साडेआठ वाजता वास्कोला शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. अवघ्या ३६ तासांची मोहीम. भारताचे २२ जवान त्यात कामी आले. त्यांतले हे दोघे अधिकारी भूभागासाठी मेले नाहीत, कैद्यांच्या सुटकेसाठी मेले, हे वेगळं सांगायला हवं.

३६ तासांच्या विजयाचं वर्णन पाठ्यपुस्तकात मावतं. त्याआधीची पंधरा वर्षं मावत नाहीत. म्हणून गोवामुक्ती म्हणजे रणगाडे आणि विमानं असं एक चित्र महाराष्ट्रात पक्कं झालं आहे. वास्तविक लष्कराला जायची वेळ आली, कारण आधी हजारो माणसांनी मार खाल्ला, गोव्याचा प्रश्न मिटलेला नाही हे दरवर्षी जगाला दाखवलं आणि ‘इथले लोक आमच्यावर खूश आहेत’ हा लिस्बनचा दावा खोटा पाडला. संयुक्त राष्ट्रांत भारतावर टीका झाली तेव्हा त्या टीकेला उत्तर म्हणून पुढे करायला आग्वादच्या कैद्यांची यादी होती.

परिणामांचं गणित मात्र कुणाच्याच मनासारखं सुटलं नाही. पुण्यातल्या अनेक सत्याग्रहींना मुक्त गोवा महाराष्ट्रात यावासा वाटत होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने स्वतंत्र राहायचं ठरवलं. त्या निकालाची खंत महाराष्ट्रात बराच काळ रेंगाळली. पण निवडीचा हक्क लोकांचा असावा, यासाठीच तर माणसं तुरुंगात गेली होती. लोकांनी तो हक्क वापरला.

आणि मोहन रानडे? गोवा मुक्त झाला तेव्हा ते कॅशियासमध्येच होते. ज्या भूमीसाठी ते कैदेत होते ती स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी पुढाकार घेऊन समिती उभी केली, लिस्बनवर दबाव आणण्यासाठी अनेक दारं ठोठावली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. पोर्तुगालच्या तुरुंगात असलेल्या तेलो मास्कारेन्यस यांना आणखी एक वर्ष थांबावं लागलं. रानड्यांनी ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन लिहिलं. गोव्यात सामाजिक काम केलं आणि जून २०१९ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

आग्वाद स्वातंत्र्यानंतरही तुरुंगच राहिला. साधे गुन्हेगार, अमली पदार्थांच्या प्रकरणातले परदेशी पर्यटक, अशा कैद्यांनी त्याच कोठड्या भरल्या. २०१५ मध्ये मध्यवर्ती कारागृह कोलवाळला हललं. त्यानंतर डागडुजी होऊन १९ डिसेंबर २०२१ ला, मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, संग्रहालय म्हणून तो खुला झाला. कुन्हा आणि लोहिया यांच्या आठवणीच्या कोठड्या तिथे आहेत. शेजारचा रेइश मागुश किल्लाही १९९३ पर्यंत तुरुंग होता. तो नीट दुरुस्त होऊन २०१२ पासून लोकांसाठी उघडा आहे आणि मारिओ मिरांडा यांची चित्रं तिथे पाहायला मिळतात.

पोर्तुगालमध्येही असंच घडलं. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांच्या उठावाने हुकूमशाही कोसळली. दोन दिवसांनी पेनिशचे दरवाजे उघडले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पेनिशच्या किल्ल्याचं आलिशान हॉटेल करण्याचा बेत माजी कैद्यांनी आणि नागरिकांनी हाणून पाडला. २०२४ मध्ये तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. अडीच हजारांवर कैद्यांची नावं तिथल्या भिंतीवर कोरलेली आहेत.

आग्वादनेही हेच करायला हवं. मोठ्या नेत्यांच्या कोठड्या झाल्या, आता प्रत्येक कैद्याचं नाव, गाव, शिक्षा आणि सुटकेची तारीख लावली पाहिजे. लष्करी न्यायालयांच्या निकालपत्रांत ही माहिती आहे. मराठी वर्तमानपत्रांच्या १९५५ च्या फायलींत सत्याग्रहींच्या तुकड्यांच्या बातम्या आहेत. पुण्यातल्या, कोकणातल्या घरांत तेव्हाची पत्रं असतील. पुण्याच्या ग्रंथालयांनी आणि गोव्याच्या पुराभिलेख खात्याने मिळून हे काम हाती घेतलं, तर तेव्हा विशीत असलेल्यांपैकी जे अजून हयात आहेत, त्यांनाही विचारता येईल. त्यांची वयं आता नव्वदीच्या पुढे आहेत, म्हणून ते याच वर्षी सुरू व्हायला हवं.